वृद्धाश्रमातल्या सेवकांच्या प्रशिक्षणासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

वृद्धाश्रमासाठी मदत मागितली की लोक सढळ हाताने देतात. चादरी येतात, चाकाच्या खुर्च्या येतात, औषधे येतात. या खेपेला आमची समिती वस्तू मागत नाही. आजी-आजोबांना दिवसरात्र उठवणाऱ्या, बसवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या मावशी आणि मामांना नीट शिकवायचे आहे. त्यासाठी तुमचा पैसा हवा आहे आणि काहींचा वेळही.

अंथरुणाला खिळलेले माणूस बहुधा अशा हातांत असते, ज्यांना कामाच्या पहिल्या दिवशी “या खोलीतले तुम्ही बघा” एवढेच सांगितलेले असते. पुढचे सगळे बघून बघून शिकायचे, त्यात चुकीचेही आलेच. काखेत हात घालून ओढत उठवणे हे त्यातलेच एक. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि उठवणाऱ्याची कंबर धरते. आधी कुशीवर वळवायचे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे, मग बसते करायचे, ही रीत एका बैठकीत शिकवता येते. मान मागे टाकून भरवू नये, ताठ बसवून हनुवटी किंचित खाली ठेवावी, भरवून झाल्यावर लगेच आडवे करू नये, हेही असेच. ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलेला घास न्यूमोनियाचे कारण ठरतो.

एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचेही तेच. माकडहाडावर किंवा टाचेवर आलेली लाली बोटाने दाबून फिकी पडत नसेल, तर जखम सुरू झाली असे धरायचे. तिथे चोळायचे नाही, त्या जागेवरचा भार काढायचा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हे हाताने पाहायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, किंवा नुसतेच गुंगीत पडून राहिले, तर “वय झाले, असेच होणार” म्हणून सोडून देतात. हा डिलिरियम, म्हणजे आजारपणामुळे अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. लघवीतला संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, नवे सुरू केलेले औषध, अशी कारणे त्यामागे सापडतात आणि उपचारही होऊ शकतात. वृद्धांना संसर्ग असूनही कधी कधी ताप येत नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, नातेवाईक त्याहून कमी. हा बदल पहिल्यांदा दिसतो तो मावशींनाच.

“वय झाले” ही समजूत फक्त सेवकांची नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावाला ‘एजिझम’ हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दोघांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा पूर्वग्रह असतो. तेव्हा सेवकांना दोष देऊन काही साधणार नाही. अंघोळीच्या वेळी हात उगारणाऱ्या आजी हट्टी नसतात. डिमेन्शियामुळे (स्मृती आणि समज हळूहळू कमी होत जाण्यामुळे) समोरचे माणूस कोण, कपडे का काढते आहे, हे त्यांना कळत नाही, किंवा कुठेतरी दुखत असते. एवढे समजले की सेवकाचा आवाज आपोआप उतरतो. लहान बाळाशी बोलावे तसे बोलल्याने डिमेन्शियाच्या रुग्णांचा विरोध वाढतो, हे अभ्यासांतही दिसले आहे.

मात्र व्याख्यान ऐकून धीर येत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की आपल्याला हे जमेल हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर. म्हणून आमचे प्रशिक्षण पलंगाशेजारीच होईल. आधी एकमेकांवर सराव, मग अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, काही महिन्यांनी पुन्हा उजळणी. लेखी परीक्षेपेक्षा करून दाखवण्यावर भर राहील. “आज यांचे काहीतरी वेगळे आहे, डॉक्टरांना बोलवा” हे न घाबरता वरिष्ठांना सांगण्याचाही सराव आम्ही घेणार आहोत. तो नसेल तर बाकीचे ज्ञान वाया जाते.

देणगीतला सर्वांत मोठा वाटा सेवकांच्या प्रशिक्षणाच्या तासांच्या पगारावर आणि तेवढा वेळ त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या बदली माणसांवर खर्च होईल. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी फुकट शिकायला बोलावणे आम्हाला मान्य नाही. उरलेल्या रकमेतून उंची कमी-जास्त होणारा सरावाचा पलंग, माणूस सरकवण्याच्या गुळगुळीत चादरी आणि आधाराचे पट्टे घेऊ.

निवृत्त परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, गिळण्याच्या तक्रारींवर काम करणारे स्पीच थेरपिस्ट यांनी महिन्यातून एक दुपार दिली तरी पुष्कळ होईल. तळमजल्यावर मोकळी खोली असलेल्यांनीही कळवावे. देणगीची पावती समितीच्या कार्यालयात मिळेल, जमाखर्च दर महिन्याला तिथल्या फलकावर लागेल. ज्यांचे आई-वडील वृद्धाश्रमात आहेत त्यांनी एवढे करावे: तिथल्या मावशींना या प्रशिक्षणाबद्दल स्वतः सांगावे आणि त्यांना पाठवण्याची विनंती व्यवस्थापकांकडे लेखी द्यावी.