एकाच तारेत तोच सामना बारा वेळा

महोदय,

क्रिकेटचा सामना मोबाइलवर अडकला की ‘नेटचा वेग वाढवा’ अशी ओरड होते. आमच्या इमारतीत बारा घरांत तोच सामना चालतो आणि केबलवाल्याच्या एकाच तारेतून त्याच चेंडूच्या बारा प्रती येतात. घरटी 5 एमबीपीएस धरले तरी 60 झाले. इमारतीपर्यंत एकच प्रत आणून ती स्विचने, म्हणजे नेटच्या तारा जोडणाऱ्या पेटीने, बारा ठिकाणी वाटली, तर तारेवर 5 मध्येच भागेल. यालाच मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डीअरिंग यांनी लिहिलेले त्याचे नियम 1989 मध्येच ‘आरएफसी 1112’ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. 224 ते 239 ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवरचे आकडी पत्ते) त्यासाठीच राखीव आहेत.

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. दर जूनमध्ये चाळीस संगणकांवर तीच 20 जीबीची इमेज, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, चढवायची. स्विच जुना, 100 एमबीपीएसचा. एकेकाला वेगळी पाठवायची तर अठरा तास. मल्टिकास्टने एकदाच सोडली आणि चाळीसही पडद्यांवरचे आकडे बरोबरीने सरकू लागले. अर्ध्या तासात काम संपले असते.

पण दहाव्या मिनिटाला कार्यालयातले बाबू धावत वर आले. ॲडमिशनचे पान उघडेना! कुठल्या संगणकाला डेटा हवा आहे, हे संगणकांच्या ‘मलाही हवे’ अशा आयजीएमपी निरोपांवरून ओळखणारी ‘स्नूपिंग’ची सोय आमच्या स्वस्त स्विचमध्ये नव्हती. त्यामुळे ग्रंथालयापासून कॅश काउंटरपर्यंत सगळ्यांच्या तारा भरून गेल्या. मल्टिकास्ट राहिले बाजूला, झाली दवंडी. चूक माझीच होती. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेचा स्विच वेगळा केला.

सगळ्या इंटरनेटवर हे चालत नाही, हे मला ठाऊक आहे. वाटेतल्या प्रत्येक कंपनीच्या राउटरने साथ द्यायला हवी, आणि एकाच प्रतीचे पैसे कोणी कोणाला द्यायचे हा घोळ आहेच. वायफायवर तर मल्टिकास्ट बऱ्याचदा रडतखडतच चालते. शिवाय मधेच थांबवून मागे जाऊन पाहायचे असेल, तर ज्याची त्याची प्रत वेगळीच लागणार.

पण गावातला केबलवाला स्वतःच्या जाळ्याचा मालक असतो. आयपीटीव्हीवाले (नेटच्या तारेतून टीव्ही दाखवणारे) थेट वाहिन्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत अशाच पोचवतात. मग 200 एमबीपीएसचा प्लॅन गळ्यात मारण्याआधी इमारतीतल्या स्विचमध्ये स्नूपिंग आहे का, एवढे तरी त्याने सांगावे. मी विचारले, तेव्हा त्याच्या पोराने राउटर बंद करून चालू करायला सांगितले.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड