सांगलीच्या गावभागातल्या डीटीपीवाल्या दादांना, जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे ओ ताई, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, तुम्हीच नको म्हणालात. ज्यांनी तुमच्याकडून लग्नपत्रिका छापून घेतल्यात ते ओळखायचे ते ओळखतीलच.

बाबांचं सगळं लिखाण तुमच्याच दुकानात टाइप झालेलं. हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करता करता साठवलेल्या आठवणी, तालमीतली भांडणं, स्मरणिकांतले लेख. सगळं पेजमेकरच्या फायलींत आणि जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर उघडला की पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. ते तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात आणलंत.

कन्व्हर्टर लावला की काम झालं, असं बाहेरच्याला वाटतं. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. मध्ये जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर अडखळतो. 'दिग्दर्शक' या एका शब्दात तिन्ही गोष्टी आहेत, आणि नाटकावरच्या लेखात हा शब्द ओळीआड येणार! तुम्ही प्रूफ स्वतः वाचलंत, हातातली पत्रिकांची कामं बाजूला ठेवून. आणि ते लग्नसराईत.

साइटचं तर वेगळंच. आधीची साइट डेटाबेसवर चालणारी होती. ज्यांनी करून दिली त्यांच्याकडेच पासवर्ड, त्यांच्याकडेच बिलं. मग एक दिवस बाबांच्या लेखांच्या जागी रमीच्या जाहिराती दिसायला लागल्या, आणि विचारलं तर "बघतो" एवढंच उत्तर. तुम्ही ऐकून घेतलंत आणि छापखान्याच्या भाषेत समजावलंत: तिथं दर वाचकामागे पान नव्यानं जुळवलं जातं, आपण एकदाच जुळणी करू, छापून ठेवू, येईल त्याला तेच पान देऊ. मागं डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, तर उपद्व्यापी माणसाला साइटवर शिरायला दारंही कमी.

अशी पानं एकदाच जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणून ह्युगो तुम्ही निवडलंत. त्याच कामाचं जेकिल त्याच्याही आधीचं, २००८ पासूनचं. पण त्यासाठी रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिचा बाकीचा संसार मशीनवर मांडावा लागतो. ह्युगोची एकच फाइल, ती चालवली की झालं. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही बाबांचे सगळे लेख डोळ्याचं पातं लवेस्तोवर 'पब्लिक' फोल्डरमध्ये पानं होऊन पडतात. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात थोड्या खुणा घालून लिहिलेला. जॉन ग्रुबर यांनी ते २००४ साली काढलं ते मुळी कच्ची फाइलही साध्या मजकुरासारखी वाचता यावी म्हणून. डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये शीर्षक आणि तारीख, आणि खाली बाबा. नोटपॅडमध्ये उघडा नाहीतर मोबाइलवर, बाबा तसेच.

दोन ठिकाणी मात्र मी एकटी असते तर नाद सोडला असता. पहिलं नाट्यपदांचं. चार ओळींचं पद मी नीट चार ओळींत लिहायचे आणि पानावर ते सलग एका परिच्छेदात यायचं. मार्कडाउन साधी नवी ओळ जुमानत नाही. ओळीच्या शेवटी दोन स्पेस हव्यात. डोळ्यांना न दिसणारी खूण लेखात ठेवायची ही कल्पना मला आजही भंपक वाटते. तुम्हालाही पटली नव्हती म्हणा. तुम्ही सेटिंगच्या फायलीत 'हार्डरॅप्स' चालू करून दिलंत आणि पदं पदांसारखी दिसायला लागली.

दुसरं ५ नोव्हेंबरचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच तारखेला सांगलीत पहिलं नाटक केलं. रंगभूमी दिनाला बाबांचा त्यावरचा लेख सकाळी लागायलाच हवा होता. फायलीत तारीख बरोबर, वेळ सकाळी नऊची, ड्राफ्टची खूण काढलेली, तरी लेख दिसेना. तुम्ही दुकानाचं शटर वर करता करता फोनवरच विचारलंत, "टाइमझोन लिहिलाय का?" नव्हता. तो नसेल तर ह्युगो वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची धरतं. म्हणजे त्याच्या हिशेबानं आपले दुपारचे अडीच. पुढच्या वेळेचा लेख ते मुद्दाम मागं ठेवतं, आणि अडीच वाजले म्हणून आपोआप लावतही नाही. पुन्हा बिल्ड करावं, म्हणजे पानं नव्यानं काढावी लागतात. सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' ही एक ओळ टाकली आणि नाश्त्याच्या आत लेख लागला.

फायलींची नावं रोमनमध्ये ठेवायला लावलीत तेव्हा मी जरा कुरकुरले होते. मग तुम्ही देवनागरी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून दाखवलीत. 'नाटक' एवढ्या शब्दाची टक्क्यांच्या चिन्हांसकट ३६ अक्षरं! पुढं वाद घातला नाही.

प्रतींचंही तुम्हीच लावून दिलंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तुमच्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा काय काय गेलं ते तुम्ही फारसं बोलत नाही. पण पहिल्याच दिवशी गिट, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकवलंत. आता एक प्रत माझ्याकडे, एक गिटहब या इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागी, एक पुण्यात धाकटीकडे, आणि प्रत्येकीत पहिल्या दिवसापासूनचे सगळे बदल. गिटहबवरून साइट फुकट चालते, खर्च तो डोमेनचा, वर्षातून एकदा. ते डोमेनही तुम्ही माझ्याच नावावर, माझ्याच ईमेलवर घ्यायला लावलंत.

या धंद्यात माणसं हेच उलटं करतात. चावी आपल्याकडे ठेवली की गिऱ्हाईक जन्मभर येत राहतं. तुम्ही मला आज्ञा वहीत लिहून घ्यायला लावल्यात, चुकले तरी कीबोर्ड हातात घेतला नाहीत, आणि आता महिनोन्‌महिने मला तुमच्याकडं यावं लागत नाही. आभार खरं तर याचे.

अभिप्रायांची सोय नाही म्हणून काही जण नाराज आहेत. ज्यांना बोलायचंय ते फोन करतात आणि बाबांच्या चुकाही सांगतात, त्या मी दुरुस्त करते.

राहता राहिलं बिल. भडंगाच्या पुड्यावर मिटवू म्हणालात, ते चालणार नाही. भडंग मिळेल, पण कन्व्हर्जनचा पानामागे जो दर तुम्ही बाकीच्यांना लावता तोच लावून बिल काढा. प्रूफ वाचल्याचे वेगळे धरा. आणि कपाटात बाबांच्या हस्ताक्षरातल्या दोन वह्या निघाल्यात, पेन्सिलीतल्या. त्या टाइप करायला कुणी मुलगी बघून ठेवा. पैसे मी देईन, मार्कडाउन मी शिकवते.

तुमची,
प्रॉम्प्टरांची थोरली