गाठीची उडी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, डॉयली कुठवर आली?" आणि मी "चाललीय" एवढंच म्हणून दुसरंच काहीतरी बोलत बसले. खरं सांगायचं तर तुझ्या टेबलावर घालायची ती गोल जाळी पुढे सरकायच्या ऐवजी मागे गेली होती. शिवाय तुझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राला टॅटिंग, म्हणजे शटल नावाच्या छोट्या होडीसारख्या फिरकीवरच्या दोऱ्याने गाठी घालत करायची लेस, शिकायचंय, त्याला सुरुवात कशी करून देऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

सहावी फेरी पुरी झाली त्या रात्री मी डॉयली टेबलावर पसरली, तर तिचे काठ वर उचललेले. हाताने दाबले की बसायचे, हात काढला की पुन्हा वाटीसारखे उभे. पाचव्या फेरीत चेनला, म्हणजे दोन गोल रिंगांमधल्या गाठींच्या कमानीला, १२ गाठी होत्या, सहाव्या फेरीत १५ हव्या होत्या. हात १२ला सरावला होता, मी मोजायचं सोडलं आणि सगळी फेरी १२नेच झाली. ४८ चेन आणि प्रत्येकीत तीन गाठी कमी, म्हणजे १४४ गाठींची जागा कमी पडली. परीघ आखडला की मधला भाग फुगतोच. गाठी जास्त झाल्या असत्या तर उलट काठाला झालर सुटली असती. थोडासाच फरक असता तर ओली करून, टाचण्या लावून, ताणून वाळवून निभावलं असतं. एवढा मोठा फरक तसा जात नाही.

क्रोशाचं काम असतं तर एक टोक ओढून दहा मिनिटांत उसवलं असतं. टॅटिंगमध्ये प्रत्येक गाठ वेगळी असते, उसवायची तर सुईच्या टोकाने एकेक सोडवावी लागते. म्हणून मी कात्री घेतली. पाचव्या फेरीच्या पिकोंना, म्हणजे गाठींच्या मध्ये सोडलेल्या दोऱ्याच्या बारक्या कड्यांना, धक्का लागू द्यायचा नव्हता, त्या तुटल्या असत्या तर नवी फेरी जोडायला जागाच उरली नसती. भिंग लावून एकेक जोड कापला, दोऱ्याचे बारके तुकडे चिमट्याने ओढून काढले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मला वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या टेबलावर जायची वस्तू आहे, ती सपाट बसली पाहिजे.

आता पुन्हा सहावी फेरी चालू आहे. ४८पैकी १९ रिंगा झाल्या. एका रिंगेला २० गाठी आणि पुढच्या चेनला १५, असं धरलं तर या एका फेरीतच १,६८० गाठी येतात. दोरा ४० नंबरचा, बारीक. अर्ध्या तासात चार रिंगा-चेन होतात, त्यापलीकडे डोळे थकतात. आता दर चेनला मोठ्याने मोजते.

वेळ लागायला आणखी एक कारण आहे, आणि ते सांगताना मला फार आनंद होतोय. शनिवारी दुपारी माझ्याकडे पाचजणी शिकायला येतात. गेल्या महिन्यापासून एक आजोबाही येतात. त्या दिवशी डॉयली पिशवीतून बाहेर निघतच नाही. निघते ती तुझी पट्टी.

तुला आठवते का ती? तू नऊ वर्षांचा होतास. शटलमध्ये लाल दोरा भरला होता, डाव्या हातावर पांढरा घेतला होता, आणि दोन्हींची टोकं एकत्र बांधून तू चेन करायला बसलास. ती पट्टी मी जपून ठेवली आहे, बोटाएवढी लांब. सुरुवातीच्या अकरा गाठी लाल. मग एकच पांढरी. मग तीन लाल, दोन पांढऱ्या, एक लाल, आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्या पांढऱ्या.

नवीन माणसाला मी आधी ही पट्टी दाखवते. लाल गाठ म्हणजे शटलच्या दोऱ्याने हातावरच्या दोऱ्याला वेढा घातला आणि तो तसाच राहिला. ती गाठ तिथेच घट्ट बसते, सरकत नाही. पांढरी गाठ म्हणजे वेढा उलटला, आता हातावरचा दोरा शटलच्या दोऱ्याला गुंडाळला गेलाय आणि शटलचा दोरा आतून मोकळा धावतोय. सगळं टॅटिंग या उलटण्यावर उभं आहे. रिंग बंद करताना आपण तोच आतला दोरा ओढतो. रिंगेत एक जरी गाठ उलटली नाही तरी ती तिथेच अडते. एकाच रंगाच्या दोऱ्यात हे नवशिक्याला दिसत नाही, दोन रंगांत लगेच दिसतं.

ती पहिली पांढरी गाठ पडली तेव्हा तू ओरडलास, "आई, उडी मारली!" मी इतकी वर्षं "गाठ उलटव, गाठ उलटव" सांगत होते आणि समोरच्याला कळत नव्हतं. उलटवायचं म्हटलं की माणूस बोटांनी गाठ फिरवायला जातो. फिरवायचं काहीच नसतं. वेढा घातला की डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, उजव्या हाताने शटलचा दोरा ताणायचा, गाठ आपणच पलीकडच्या दोऱ्यावर जाते. मग डावं मधलं बोट उचलून तिला आधीच्या गाठीशेजारी आणून बसवायचं. तुझा शब्द बरोबर होता. आता शनिवारी सगळ्यांच्या तोंडी तोच असतो. कोणी तरी "अगं, उडी नाही मारली" म्हणतं आणि शेजारची म्हणते, "डावा हात सोड."

तुझ्या मित्रालाही तसंच शिकव. नुसता पांढरा दोरा देऊ नकोस, नुसता काळाही नको. दोन ठळक रंग घे, १० नंबरचा जाड दोरा. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होत जातो, तेव्हा ८०च्या नादाला आताच लागू नका. शटल काठापर्यंतच भर. दोरा बाहेर डोकावायला लागला की मळतो आणि हाताला अडतो. पहिल्या दिवशी रिंग करायला सांगू नकोस, नुसती चेन करू दे, कारण चेनमध्ये चूक झाली तरी काही अडत नाही, ती फक्त दिसते. त्याच्या शेजारी बस, समोर नको. आमच्यात एक मुलगी डावखुरी आहे, तिला मात्र मी समोर बसवते, म्हणजे माझे हात तिला आरशातल्यासारखे दिसतात. आणि एक फार महत्त्वाचं. त्याचं चुकलं तरी त्याच्या हातातलं शटल काढून घेऊ नकोस. मी तुझ्या हातातून एकदा घेतलं होतं, तू दोन दिवस शटलला शिवला नाहीस. तेव्हापासून मी शिकवताना स्वतःचं शटल हातात धरून बसते, म्हणजे दुसऱ्याच्या शटलकडे हात जात नाही.

आजोबांची गंमत ऐक. त्यांची बोटं थरथरतात, दोरा सुटतो. पण शटलच्या दोन टोकांमधून दोरा निघताना जी टिक वाजते ना, ती त्यांना फार आवडते. ते टिक मोजून दोरा सोडतात. आठवड्याला चार-पाच रिंगा करतात. पिकोला पिको जोडायचं त्यांना अजून जमत नाही, म्हणून सुट्या रिंगा घरी नेऊन सुई-दोऱ्याने एकमेकींना शिवतात. मागच्या शनिवारी जरा संकोचून त्यांनी ती ओळ दाखवली. मी त्यांना सांगितलं, की सुरुवातीला युरोपातल्या बायकाही असंच करायच्या. रिंगा वेगवेगळ्या करून सुईने जोडायच्या. विणता विणताच पिकोमधून दोरा ओढून जोडायची युक्ती १८५०च्या सुमारास आली, आणि चेन तर त्याच्याही नंतर. त्यांना फार बरं वाटलं. खिशातून दुसरी ओळ काढली, तीही तशीच शिवलेली, आणि पहिलीपेक्षा सरळ.

इटालियन भाषेत टॅटिंगला कियाक्किएरिनो म्हणतात, गप्पा मारण्याच्या शब्दावरून आलेलं नाव. आमच्या शनिवारला ते चपखल लागू पडतं. हात चालू असले की माणसं एकमेकांकडे न बघता बोलतात, आणि समोर बघून जे बोलता येत नाही तेही बोलतात. जे बोलतात ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

कापलेल्या फेरीच्या रिंगा मी फेकल्या नाहीत. चेनच्या तुकड्यांसकट एका डबीत ठेवल्या आहेत. बंद रिंग कशी उघडायची ते त्यांच्यावर शिकवते. पिकोपाशी दोन्ही बाजूंच्या गाठी नखाने जरा अलग केल्या की आतला धावता दोरा दिसतो. तो सुईने उचलायचा, एकदम ओढायचा नाही, पिको-पिकोने थोडं थोडं ढिलं करत जायचं. हे येत नाही म्हणून कित्येकजण एक चूक झाली की सगळं कापून नवीन सुरू करतात आणि शेवटी सोडूनच देतात. आता माझ्याकडे सरावाला ४८ रिंगा आहेत.

तुझी पट्टी मात्र मला माझ्याकडेच ठेवू दे. तू मागशील असं वाटलं म्हणून आधीच सांगते. तुमची दोघांची नवी पट्टी होईलच, त्यात लाल गाठी किती आल्या ते मला मोजून कळव.

सोबत दोन शटल पाठवते. लाल दोरा भरलेलं आहे ते मित्रासाठी, पांढऱ्याचं रीळ त्याच पिशवीत आहे. निळं शटल तुझं. त्यावर मी एक रिंग सुरू करून ठेवली आहे: पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको. फास सुटू नये म्हणून सेफ्टी पिनमध्ये अडकवलाय. पिन काढून फास डाव्या हातावर घे, आणखी पाच गाठी घाल, पिको ठेव, मग शेवटच्या पाच. आणि रिंग ओढून बंद कर.

तुझी,
आई