गृहमंत्री साहेब, साक्षीदाराला मोबाईलवर एकच फोटो दाखवणं बंद करा

माननीय गृहमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

पुढे वाचायच्या आधी एक काम करा, हे शब्द एकदाच वाचा आणि पुढे चला: गादी, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, घोरणं, अंथरूण, डुलकी, रात्र, थकवा, पेंग. यांचं काम नंतर आहे.

मी मानसशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यासमोर एका बाईंची पर्स ओढून एक पोरगा पळाला आणि मी साक्षीदार झाले. चौकशीला आलेल्या साहेबांनी मोबाईल पुढे धरला, "मॅडम, हाच ना?" एकच फोटो. आणि मी, जी वर्गात दरवर्षी हेच शिकवते की असं करू नये, मी म्हणाले, "हो, तोच वाटतोय." रात्री घरी बसून त्या पळणाऱ्या पोराचा चेहरा डोळ्यासमोर आणायला गेले तर फोटोच यायला लागला, मूळ चेहरा गेला तो गेलाच. दोन आठवड्यांनी सीसीटीव्हीमुळे कळलं की फोटोतला मुलगा त्या वेळी भलतीकडेच होता. तो सुटला. कॅमेरा नसता तर माझं "हो, तोच वाटतोय" कोर्टात "हाच तो" झालं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे बघा. "ओळखीचा वाटतो" वेगळं आणि "ओळखलं" वेगळं. संशोधक यावर पन्नासएक वर्षं काम करतायत. जॉर्ज मँडलर यांनी 1980 मध्ये दिलेलं उदाहरण असं: बसमध्ये एक माणूस दिसतो, याला कुठेतरी पाहिलंय हे शंभर टक्के माहीत असतं पण कोण ते काही केल्या सुचत नाही, मग खूप वेळाने ट्यूब पेटते की अरे हा तर आपला खाटीक! पहिली गोष्ट नुसती ओळखीची भावना, झटकन येते, फुकट येते. दुसरी म्हणजे कुठे, कधी, कसं पाहिलं ते आठवणं, त्याला वेळ लागतो आणि कधीकधी ते येतच नाही. गोची अशी की भावना एकटी आली तरी तितकीच खरी वाटते, तिच्यावर "मी कुठून आले" असं लेबल लावलेलं नसतं.

याचं सगळ्यात विचित्र उदाहरण डोनाल्ड थॉमसन. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ, स्मृतीवरच काम करणारे. एका बाईंनी बलात्काराचा आरोपी म्हणून त्यांना ओळखलं, आणि गुन्ह्याच्या वेळी हे गृहस्थ टीव्हीवर लाइव्ह होते, विषय काय तर साक्षीदारांची स्मृती! हल्ला झाला तेव्हा त्या बाईंच्या घरी तोच कार्यक्रम चालू होता. चेहरा खरोखर पाहिलेला, ओळखही खरी, फक्त कुठे पाहिला ते मेंदूने चुकीच्या जागी चिकटवलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण साक्षीदार चुकला म्हटलं की लोकांना तो विकला गेला असंच वाटतं.

आता वर न बघता सांगा, मघाच्या शब्दांत "उशी" होता का? "खिडकी"? आणि "झोप"?

"झोप" होता असं वाटलं असेल तर काळजी करू नका, माझ्या वर्गात दरवर्षी भसाभस हात वर होतात आणि काही पोरं तर तो कितव्या नंबरला होता तेही सांगतात. तो नव्हता. (आता वर बघा.) ही युक्ती जेम्स डीझ यांनी 1959 मध्ये वापरली, मग रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये परत करून दाखवलं की न दिलेला शब्द लोक जवळजवळ दिलेल्या शब्दांइतक्याच वेळा "होता" म्हणतात, आणि नुसतं ओळखीचा वाटतो असं नाही तर ऐकल्याचं आठवतंय म्हणतात.

म्हणजे आपली स्मृती टाकाऊ आहे का, तर अजिबात नाही. लायोनेल स्टँडिंग यांनी 1973 मध्ये लोकांना 10,000 चित्रं दाखवली, एकेक पाच सेकंद, आणि नंतर एक जुनं एक नवं अशा जोड्या लावून विचारलं तर 83 टक्के उत्तरं बरोबर. भारीच ना. पण त्या टेस्टमध्ये दोनातलं एक पाहिलेलं असणार हे नक्की असतं. ओळख परेडमध्ये तसं नक्की नसतं, खरा गुन्हेगार त्या रांगेत उभाच नसेल तर? तेव्हा माणूस रांगेतल्या रांगेत तुलना करतो, सगळ्यात जवळचा कोण ते बघतो आणि बोट दाखवतो. म्हणून "तो यात नसेलही" हे एक वाक्य परेडच्या आधी सांगितलं तरी चुकीची बोटं कमी होतात. एक वाक्य, साहेब. याला बजेट लागत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी तुमच्या खात्याला पटायला जड जाईल. प्रयोगात आम्ही फक्त किती बरोबर ओळखलं एवढं मोजत नाही, न पाहिलेल्याला किती वेळा "हो" म्हटलं तेही मोजतो, त्याला फॉल्स अलार्म म्हणतात, ही पद्धत मूळ रडारवाल्यांची. कारण सगळ्यालाच "हो" म्हणणाऱ्या माणसाचे बरोबर शंभर टक्के येतात, तो हुशार थोडाच झाला! साक्षीदाराला "आम्ही माणूस पकडलाय, या ओळखायला" असं सांगितलं की त्याची "हो" म्हणायची पायरी खाली येते, ओळख पटण्याचे आकडे वाढतात, रजिस्टर छान दिसतं, पण त्याला जास्त काही आठवलेलं नसतं. तोच "हो" निरपराध माणसालाही मिळतो.

आणि खात्रीचं काय? वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी 1998 मध्ये लोकांना व्हिडिओ दाखवला, मग फोटो दिले ज्यात खरा माणूस नव्हताच. ज्यांनी कुणालातरी निवडलं त्यातल्या काहींना नुसतं म्हटलं की छान, संशयिताला ओळखलंत. तेवढ्यावर ते सांगायला लागले की मला तेव्हाच पक्की खात्री होती, मला नीट दिसलं होतं, माझं पूर्ण लक्ष होतं. कोर्ट नेमकं हेच विचारतं ना, नीट दिसलं होतं का?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात 1984 मध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, तिने हल्लेखोराचा चेहरा जाणूनबुजून पाठ केला. आधी फोटोंतून एकाला निवडलं, मग परेडमध्ये त्यालाच निवडलं (फोटो आणि परेड दोन्हींत असलेला तो एकटाच होता), आणि तिला सांगण्यात आलं की फोटोतही हाच निवडला होतास. झाली खात्री. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर उभा केला तर ती म्हणाली याला मी कधी पाहिलेलं नाही. 1995 मध्ये डीएनएने निकाल फिरवला, तोवर तो निरपराध माणूस दहा वर्षं तुरुंगात.

माझं मागणं एवढंच की पहिली ओळख हीच खरी टेस्ट धरा, ती एकदाच होते, त्यानंतर जे होतं ती त्या पहिल्या टेस्टची आठवण असते. त्यामुळे एकटा फोटो कुणालाही दाखवू नका, व्हॉट्सअपवर तर नाहीच नाही. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं, बाकीची माणसं साक्षीदाराने दिलेल्या वर्णनाशी जुळणारी असावीत, आणि बोट दाखवल्याबरोबर, कुणी "शाब्बास" म्हणायच्या आत, किती खात्री आहे ते साक्षीदाराच्याच शब्दांत लिहून घ्या, जमलं तर रेकॉर्ड करा. "वाटतोय" म्हणाला असेल तर "वाटतोय" असंच लिहा, तुमचे लोक ते "ओळखले" करून टाकतात. स्वच्छ पद्धतीने घेतलेली पहिली खात्री बऱ्यापैकी विश्वासाची असते असं अलीकडचं संशोधन सांगतं, म्हणजे यात पोलिसांचाही फायदाच आहे. माणसं एकेक करून दाखवायची की एकदम, यावर आमच्यातच अजून भांडणं चालू आहेत, त्यात तुम्ही पडू नका.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक शिक्षिका (आणि एक चुकलेली साक्षीदार)

ता.क. परवा फोटोतला तो मुलगा रस्त्यात समोरून आला. मी त्याला लांबूनच ओळखलं, आणि क्षणभर माझ्या पोटात गोळा आला, पर्सवालाच समोर आल्यासारखा. सगळं माहीत असूनही. तो आपल्या नादात बाजूने निघून गेला, त्याने मला कधी पाहिलेलंच नाहीये.