जुन्या पुस्तकांसाठी थोडी जागा द्या ना

संपादक साहेब, नमस्कार,

रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांबद्दल वाचायला मिळतं, पण जुन्या क्लासिकवर पण लिहा ना. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाचं मासेमारीवरचं पुस्तक 1653 चं, पण वाचायला घेतलं की सोडवत नाही. पाऊस आला की गडी झुडपाखाली बसतो, गवळणीचं गाणं ऐकतो, आणि गळाला बेडूक लावताना सुद्धा तो लाडका असल्यासारखा हळूच धरायला सांगतो, हे वाचून मी किती वेळ तिथेच थांबले! मॅसॅच्युसेट्समध्ये 1640 ला छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाच्या तर आता फक्त 11 प्रती उरल्यात. आणि आपली इसापनीती, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 लाच मराठीत आणलेली, तिच्यापासूनच सुरुवात करा की, प्लीज.

– एक वाचक, सातारा