परतीची बोट कधी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात फेरीबोटीवर एकतीस वर्षे काढली. आधी खलाशी, मग पात्रांव, म्हणजे बोट चालवणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी फिनलंडबद्दल लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचे, हा कोण बुवा मोठा प्रवासी निघाला! प्रवासी कसला, माझा जन्म एकाच नदीच्या दोन काठांत गेला.

आमची चेडू (मुलगी) जावयासह एस्पोला असते. एस्पो म्हणजे हेल्सिंकीला चिकटलेले शहर. मधे मेट्रो आहे. गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट आम्ही दोघे तिच्याकडे राहिलो. परत आल्यापासून वाड्यावर एकच चौकशी. आणखी दोन घरांतली मुले तिकडे नोकरीला आहेत आणि आईबापांना बोलावणे आले आहे. त्यांतल्या एकाला कुणा एजंटाने 'हेल्सिंकीहून एका दिवसाच्या सहली, स्वतंत्र गाडीसह' असे काहीतरी गळ्यात मारले. आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. एकेकाला उत्तरे देण्यापेक्षा आपल्या पेपरात लिहितो.

गाडी करू नका. त्या शहराची सगळ्यात चांगली सहल बसच्या तिकिटात होते.

मेट्रोतून युनिव्हर्सिटीच्या स्टेशनावर उतरायचे, सिनेटच्या चौकातून खाली दहा मिनिटे चालले की बंदरावरचा बाजार येतो. कौप्पातोरी म्हणतात. तिथे तंबूखाली मुइक्कू नावाची बोटाएवढी मासळी राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. आमच्या वेर्ल्यांसारखीच, काट्यासकट खायची. तिखटाचा मात्र पत्ता नाही. घरची पर्समध्ये मिरपुडीची डबी घेऊनच फिरायची. समुद्रपक्षी हातातून घास पळवतात, तेवढे सांभाळा. त्याच बाजाराच्या कडेला सुओमेनलिन्नाची फेरी लागते. मेट्रोला काढलेले तिकीट मुदतीत असेल तर तेच बोटीला चालते. वेगळी खिडकी नाही, वेगळा दर नाही. शहरातले साधे तिकीट तीन युरोंच्या आसपास असते. दिवसभराचे काढले तर चिंताच नाही. पंधरा मिनिटांत पलीकडे.

सुओमेनलिन्ना हा बेटांवर पसरलेला किल्ला. १७४८ साली स्वीडनने रशियाच्या धास्तीने बांधायला घेतला. फिनलंड तेव्हा स्वीडनचा भाग होता. बांधणारा आउगुस्टिन एरेनस्वार्ड, त्याची कबर किल्ल्याच्याच चौकात आहे. एवढे दगड रचून शेवटी १८०८ साली तो किल्ला फारसे न लढता रशियाच्या हवाली झाला. देश स्वतंत्र झाल्यावर १९१८ साली त्याला आजचे नाव मिळाले, अर्थ 'फिनलंडचा किल्ला'. १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपले जुने गोवे त्या यादीत पाच वर्षे आधी, १९८६ साली गेले, हे मी जावयाला मुद्दाम ऐकवले.

पण मला दगडांपेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी धरून ठेवले. तिथे सुमारे आठशे माणसे राहतात. दोरीवर कपडे वाळत असतात, मुले सायकली पळवतात, एक बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन आमच्याच बोटीतून उतरली आणि तटाच्या कमानीखालून घरी निघून गेली. तिथल्या चर्चच्या घुमटावर दीपस्तंभाचा दिवा आहे. चार झपके देतो. तारेच्या भाषेत 'एच', म्हणजे हेल्सिंकी. देवाच्या घरावरचा दिवा गलबतांच्या कामाला लावणाऱ्या माणसाला मी मनात नमस्कार केला. आणि किल्ल्यात तुरुंगही आहे, पण उघडा. कैदी तटाच्या डागडुजीला जातात. आपल्या आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झाला आहे, तिथे तुरुंगच संग्रहालयाची देखभाल करतो.

दक्षिण टोकाला कुस्तानमिएक्का म्हणून जागा आहे, जुन्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. संध्याकाळी तिथे बसा. स्टॉकहोमला निघालेले दहा-बारा मजली जहाज दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीतून असे जाते की वाटावे, हात लांब केला तर रंग लागेल. मी उभाच राहिलो. नात म्हणाली, "आजो, बस ना." तिला काय सांगू? पावसाळ्यात मांडवीच्या ओढीत साधी फेरी सरळ धक्क्याला लावताना मानेवर घाम येतो, आणि तो माणूस अख्खे गाव घेऊन त्या फटीतून चालला होता.

तिथल्या समुद्राच्या पाण्यात हाताचे बोट बुडवून चाखले. पेजेत मीठ घालायला विसरावे तसे. महासागराच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, इथे पाच-सहा. आणि भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! रॅम्प धक्क्याला सकाळी जसा टेकतो तसाच संध्याकाळी. आमच्याकडे ओहोटीला रॅम्प खाली जातो आणि स्कूटरवाला शिव्या खलाशाला देतो, चंद्राला नाही. अर्थात हिवाळ्यात तिकडचा समुद्र गोठतो आणि बोट बर्फातून वाट काढते, तेव्हा त्यांचेही काही सुखाचे नाही.

दुसरी सहल पोर्वोची. पूर्वेला पन्नास किलोमीटर, काम्पीच्या बसस्थानकावरून तासाभराचा रस्ता. आम्ही जाताना मात्र बोटीने गेलो, 'जे. एल. रुनेबेरी' नावाची, १९१२ सालची. फक्त उन्हाळ्यात चालते आणि तीन तासांहून जास्त घेते. घरची म्हणाली, "बसने तासात पोचतो तिथे बोटीने अर्धा दिवस, हे तुमच्याच डोक्यातून निघायचे." खरे आहे. पण बेटाबेटांमधून ती जुनी बोट जाते तेव्हा घड्याळ बघायचे नसते. रुनेबेरी हे तिथल्या राष्ट्रकवीचे नाव, त्याचे घर पोर्वोलाच आहे. नदीकाठी लाल रंगाची लाकडी कोठारे, वर टेकडीवर कॅथेड्रल. १८०९ साली रशियाच्या झारने, पहिल्या अलेक्झांडरने, याच कॅथेड्रलमध्ये फिनलंडची सभा भरवली आणि फिनलंडचा धर्म, कायदे राखण्याचे वचन दिले. २००६ साली कुणीतरी आग लावून त्याचे छप्पर जाळले, तेही पुन्हा जसेच्या तसे उभे केले. गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत, चपला घालून जाऊ नका. घरचीचा पाय तिथे मुरगळला आणि परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही.

जंगल बघायचे तर नूक्सिओ. एस्पो स्टेशनावरून २४५ नंबरची बस. तळ्याकाठी शेकोटीच्या जागा बांधलेल्या, सरपण फुकट. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीलगत निळी मुस्तिक्का फळे लागतात, करवंदांची थंड देशातली बहीण समजा. नातीची जीभ दोन दिवस निळी. तिकडे कायद्याने दुसऱ्याच्या मालकीच्या रानातलीही फळे आणि अळंबी तोडता येतात, कुणाच्या अंगणात शिरायचे नाही एवढेच. हे ऐकून मला लहानपणी भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कुळागरात काढलेली धूम आठवली.

समुद्रापलीकडचे तालिन हा वेगळा देश, एस्टोनिया, पण ऐंशी किलोमीटरच. दोन तासांत जहाज पोचते. फिनलंडचा शेंगेन व्हिसा तिथेही चालतो, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. भिंतीतले जुने शहर सुंदर आहे, गर्दीही तशीच. मला गंमत परतीच्या जहाजात आली. फिनिश माणसे ढकलगाड्यांवर बियरचे खोके रचून चालली होती, कारण पलीकडे स्वस्त. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर शनिवारी-रविवारी उभे राहिलेल्या कुणालाही हा देखावा नवा वाटणार नाही.

शक्यतो उन्हाळ्यातच जा. जूनच्या अखेरीस रात्री साडेदहालाही उजेड असतो. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवून दुपारी तीनच्या थोडे पुढे मावळतो.

आता ज्यासाठी पेन उचलले ते. या सगळ्या सहलींत मी एकदाही कुणाला विचारले नाही की परतीची बोट कधी. धक्क्यावर खांब, खांबावर पाटी, पाटीवर वेळा. सुओमेनलिन्नाहून शेवटची बोट मध्यरात्र उलटल्यावर सुटते, हे बोटीत चढण्याआधीच समजलेले. म्हणून आम्ही साठी उलटलेली दोन माणसे, भाषा येत नसताना, तटावर निवांत बसून राहिलो. माणूस जायला घाबरत नाही, अडकायला घाबरतो.

आणि इथे? जुन्या गोव्याच्या खालच्या धक्क्यावरून दिवाडीला जा, बेट ओलांडा, पलीकडे दुसरी फेरी घेऊन नार्व्याला उतरा. पोर्तुगीजांनी दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ मोडले आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्व्याला ते नव्याने उभारायला लावले. दोन फेऱ्या, एक बेट, चारशे वर्षांची गोष्ट, तीही अर्ध्या दिवसात. पायी जाणाऱ्याला तर फेरी फुकट! हेल्सिंकीवाल्यांनाही हे जमलेले नाही.

पण मागच्या दिवाळीनंतर एका धक्क्यावर (कुठला ते लिहीत नाही, तिथली पोरे माझ्याच हाताखाली शिकली आहेत) कोल्हापूरकडचे एक जोडपे भेटले. नार्व्याला जायचे होते. संध्याकाळचे पाच वाजलेले. "काका, परत यायला शेवटची बोट किती वाजता?" त्यांनी गाडेवाल्याला विचारले, तो म्हणाला असते रात्रीपर्यंत. मोटारसायकलवाला म्हणाला भरवसा नाही. मी वेळ सांगितली, पण तीन माणसांची तीन उत्तरे ऐकल्यावर तिसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? गाडी वळवून ते पणजीला गेले. धक्क्यावर पाटी नव्हती. माझ्या नोकरीतही नव्हती, आणि एकतीस वर्षांत मला ती सुचली नाही, हेही इथे कबूल करतो.

मागणी लहान आहे. प्रत्येक धक्क्याच्या दोन्ही बाजूंना एक पत्रा. पहिली फेरी, शेवटची फेरी, मधे किती मिनिटांनी. मराठी, कोकणी, इंग्रजीत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. फेरी बंद पडली तर खडूने लिहायला खाली थोडी जागा.

मी स्वतः एक करून बघितला. जुना पत्रा घासला, पांढरा रंग दिला, काळ्या अक्षरांत वेळा लिहिल्या आणि त्याच धक्क्यावर तारेने बांधला. आठ दिवसांनी गेलो तर त्याच्यावर तियात्राचे (कोकणी नाटकाचे) पोस्टर चिकटवलेले. खालचा एक कोपरा उघडा राहिला होता, त्यात 'शेवटची' एवढे वाचता येत होते.

आपला,
एक निवृत्त पात्रांव
चोडण, तिसवाडी