विंगेतली आगगाडी

प्रिय सुधीर,

तू नोएल कॉवर्ड या इंग्रज नाटककाराची 'स्टिल लाइफ' ही एकांकिका बसवायला घेतलीस, फार बरं वाटलं. पण तिच्यावरून केलेला 'ब्रीफ एन्काउंटर' हा सिनेमा मुद्दामच बघणार नाही म्हणतोस, ते काही पटलं नाही. "नाटकावरून केलेला सिनेमा म्हणजे पाणी घातलेलं नाटक" हे तुझं जुनं पालुपद.

तुझा राग कळतो मला. १९३६ चा हॉलिवूडचा 'रोमिओ अँड ज्युलिएट' मीही अर्ध्यात सोडला होता. ज्युलिएटला चौदावं पुरं व्हायचंय आणि समोर तिशी ओलांडलेली नॉर्मा शिअरर! रोमिओ झालेला लेस्ली हॉवर्ड तर त्रेचाळीस वर्षांचा. रंगमंचावर हे खपतं, कारण मागच्या रांगेला वय दिसत नाही, आवाज पोचतो. कॅमेरा थेट गालाशी येऊन उभा राहतो. दिग्दर्शक झेफिरेल्लीनं १९६८ मध्ये त्याच नाटकाच्या सिनेमात खरीच कोवळी पोरं घेतली, संवादांना बेधडक कात्री लावली, आणि जमलं. तेव्हा दोष माध्यमाचा नाही रे.

आता तुझी एकांकिका. नोएल कॉवर्डनं ती सगळी स्टेशनवरच्या उपाहारगृहात कोंडली आहे, पाच प्रवेश आणि एकच खोली. गाड्या फक्त ऐकू येतात. शेवटी लॉरा आणि अ‍ॅलेक या, दुसऱ्यांशी लग्न झालेल्या प्रेमिकांचा कायमचा निरोप चाललेला असताना लॉराच्या ओळखीची ती वटवटी डॉली येऊन टपकते. अ‍ॅलेकला बोलता येत नाही. तो लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. मग एक्स्प्रेसचा आवाज, लॉरा बाहेर धावते, डॉलीचं लक्षच नसतं. लॉरा पांढरीफटक होऊन परत येते. म्हणते, गाडी जाताना बघायची होती. बाहेर काय घडलं ते आपण ओळखायचं.

दिग्दर्शक डेव्हिड लीननं १९४५ च्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये काय केलं असेल? मला वाटलं होतं, उत्साहानं कॅमेरा घेऊन बाहेर पळाला असेल. नाही! सिनेमाची सुरुवातच या निरोपानं होते, आणि ती जवळजवळ नाटकासारखी, परक्याच्या नजरेनं. कोण ही बाई, कोण हा माणूस, काही माहीत नसतं. खांद्यावरचा हात तर सहज निसटून जातो. मग घरी नवऱ्यासमोर बसलेल्या लॉराचं मनातल्या मनात स्वगत सुरू होतं. तुम्ही नाटकवाले ज्या स्वगताला जुनाट म्हणता, तेच. सगळी गोष्ट कळल्यावर तोच निरोप पुन्हा येतो आणि या वेळी आपण तिच्याबरोबर फलाटाच्या कडेपर्यंत जातो. चौकट तिरकी होते, धडधडत्या गाडीच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सपासप सरकतो. लॉरा झालेली सीलिया जॉन्सन तोंडानं एक शब्द बोलत नाही. त्या हाताचं वजन तेव्हा कळतं.

म्हणजे कॉवर्डनं विंगेत ठेवलेलं लीननं बाहेर काढलं खरं, पण आधी एकदा ते विंगेतच ठेवून दाखवलं. याला पाणी घालणं म्हणशील?

(रॅचमॅनिनॉफचं संगीत अंमळ जास्तच वाजतं, हे मान्य.)

तुला कॅमेरा नाही, म्हणून विचारतो. लॉरा बाहेर धावली की प्रकाश कुठे ठेवणार, बडबडणाऱ्या डॉलीवर की रिकाम्या खुर्चीवर? तालमीत ठरलं की लगेच कळव.

तुझा,
मोहन